सुलोचनावहिनींनी मला सांगितलं होतं

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही या विषयाला बगल देत आले – देव बिचारा काही विचारत नाही, त्यामुळे खपून गेलं. मागच्या आठवड्यात चार माणसांपुढे तोंड उघडलं खरं, पण तिथे जेमतेम तीन-चार वाक्यं निघाली. सगळं, पहिल्यापासून, तुम्हालाच सांगते आहे. मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

मी स्कॅन वाचते. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत आमचं सेंटर आहे. डोक्याचे एमआरआय ही माझी खासियत. मेंदूत गाठ झालेली माणसं, गाठ काढून झालेली माणसं, गाठीपायी फीट येणारी माणसं – ती तिकडे मशीनमध्ये झोपतात आणि मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून लिहिते. गाठ आहे, गाठ नाही, वाढली, परत आली. माझ्या त्या दोन ओळींवर घरी गेल्यावर माणसं जेवतात, नाहीतर ताटावरून उठतात. हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज कळत होतं.

पण माझा एक तोरा होता. मला आजाराची कहाणी सांगायची नाही, फक्त चित्र दाखवायचं. सुरुवातीला ती चांगली सवय होती, खोटं कशाला बोलू? कहाणी आधी ऐकली की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. म्हणून मी डॉक्टरांची चिठ्ठी पालथी ठेवायची, आधी चित्र वाचायचं, मग चिठ्ठी उलटायची. हळूहळू काय झालं – चिठ्ठी पालथीच राहायला लागली. "बाईंना काही सांगावं लागत नाही, नुसतं बघून ओळखतात," असं डॉक्टर मंडळी म्हणायची. आमच्या गावाचं तुम्हाला माहीत आहे, एकदा डोक्यावर घेतलं की लवकर खाली उतरवत नाहीत. आणि मला तरी कुठे उतरायचं होतं?

तर दिनकरराव. नाव बदललं आहे, आणि वाडी मलकापूरच्या पुढची एवढंच सांगते. म्हशींचा धंदा. आडदांड माणूस, आवाज असा की बाहेर बोलायला लागला तर माझ्या खोलीत ऐकू यावा. त्यांच्या डोक्यातली गाठ काढून, किरणांचा शेक देऊन बरेच दिवस झाले होते. मधूनमधून स्कॅनला यायचे. दरवेळी स्वच्छ. आधी फीट यायच्या, त्याही गोळ्यांनी थांबल्या होत्या.

त्या दिवशी ते आले ते लेकीच्या होणाऱ्या मामेसासऱ्यांच्या गाडीतून. लग्न ठरलेलं, बस्ता बांधायचा होता. आधी स्कॅन, मग महाद्वार रोड, असा बेत. गाडीभर माणसं. दिनकरराव आत जाताना मला म्हणाले, "म्याडम, लवकर सोडा बरं का. आमची मंडळी साड्या बघाय बसली तर दुकानवाला कुलूप लावून घरला जाईल." मी पण हसले. चांगला दिवस होता तो. म्हणजे मला तसा वाटला.

ते मशीनमध्ये गेल्यावर मी चहा घ्यायला बाहेर आले. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी त्यांची बायको उभी होती. सुलोचनावहिनी. मशीनमध्ये धातू चालत नाही म्हणून काढून ठेवलेला नवऱ्याचा चांदीचा करदोडा आणि अंगठी पदरात घट्ट धरलेली. मला बघून जवळ आल्या, मागे कोण आहे ते पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या –

"म्याडम, आज पहाटं ह्यास्नी लई मोठी आकडी आल्ती. गोठ्यात. एक सुटली की दुसरी, सुटायलाच तयार न्हवती. उजाडस्तवर डोकं मांडीवर घिऊन बसलेती मी. ह्यांना त्यातलं काय बी आठवत न्हाई. पावण्यांच्या म्होरं बोलता येत न्हाई बगा, फेफरं हाय म्हणतील आन लेकीचं मोडंल. तुमी बाईमाणूस, म्हणून तुमास्नी सांगते. मोठ्या डाक्टरास्नी तेवढं तुमीच सांगा."

मी म्हटलं, "बरं बरं, सांगते."

हातात चहाचा कप होता. बशी नव्हती, कप पोळत होता, हेसुद्धा आठवतं. म्हणजे बघा, किती नीट आठवतं ते.

आत आले. पडद्यावर चित्रं यायला लागली. आणि गाठ काढलेल्या जागेच्या कडेला, आधी कधीच नसलेला, पांढरा लख्ख पट्टा. शिरेतून दिलेलं औषधही तिथे जाऊन बसलेलं, गाठीत बसतं तसं. काळजात चर्र झालं – आणि, सांगायला लाज वाटते, त्याच्याच पाठोपाठ एक बारीकसा आनंदही झाला. सापडलं! असा. लहानपणी लपंडावात कोणीतरी दाराआड सापडलं की होतो ना, तसाच. मी फोन उचलून सर्जनना सांगितलं, रिपोर्ट लिहिला – गाठ परत आली आहे. आकडीचा शब्दही नाही. रिपोर्टात नाही, फोनवर नाही.

आता तुम्हाला थोडं माझ्या कामातलं सांगायला हवं, साधंच आहे. फीट खूप वेळ चालली की मेंदूचा तो भाग राबून राबून दमतो. तिथे रक्त धावतं, सूज येते. ती सूज स्कॅनमध्ये पांढरी चमकते, काही दिवस, कधी काही आठवडे, आणि मग आपोआप विरून जाते. धावत आलेल्या माणसाचं तोंड लाल होतं, म्हणून आपण त्याला ताप आहे म्हणतो का? पण तो धावत आला आहे हे तर कळायला हवं! ते कोण सांगणार? घरचं माणूस सांगणार. आणि घरच्या माणसानं सांगितलं होतं की हो मला.

हे मला ठाऊक नव्हतं का? अहो, मी हे शिकवते. शिकायला येणाऱ्या पोरांना दरडावून विचारते, शेवटची फीट कधी आली ते विचारलंस का? पोरांनी विचारायचं. मी नाही. मला चित्र पुरे!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सर्जनांनी – आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो – दिनकररावांना बसवून घेतलं, सगळ्यांसमोर विचारलं, फीटबीट आली होती का? दिनकरराव म्हणाले, न्हाई. त्यांना खरंच आठवत नव्हतं. पावणे बसलेले. वहिनी गप्प. का गप्प? कारण त्यांच्या हिशेबी निरोप पोचला होता. म्याडमनी "सांगते" म्हटलं होतं. सरांनी खबरदारी म्हणून गोळ्या वाढवल्या, सुजेवरचं औषध दिलं आणि पुन्हा ऑपरेशन करायचं ठरवलं.

बस्ता कसला नि काय कसलं. बाप धडधाकट आहे तोवर अक्षता पडू देत म्हणून लग्न घाईनं दारातच उरकलं. औषधानं सुजलेल्या तोंडानं दिनकररावांनी लेक वाटे लावली. कुठली म्हैस कुणी घ्यायची, कुठली विकायची नाही, हे सगळं भावाला सांगून ठेवलं. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनला आले तेव्हा. हसून सांगितलं. गडी मरणाची निरवानिरव सांगतानासुद्धा म्हशीचे गुण गात होता.

आणि तो स्कॅन स्वच्छ आला.

पांढरा पट्टा गायब. मी पडद्याकडे बघत बसले. त्या क्षणी मला दार आठवलं, पदरातला करदोडा आठवला, "तुमी बाईमाणूस" आठवलं. शब्द न् शब्द. तेवढ्यात सर आलेच. म्हणाले, "बाई, गाठ गेली कुठे?" मग स्वतःच थांबले. हुशार माणूस. म्हणाले, "फीट आली असणार त्या वेळी. तुम्हाला कोणी काही बोललं होतं?"

मी म्हटलं, "नाही. मला कोणी काही सांगितलं नाही."

हेच ते. एवढंच. या एका वाक्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. चूक तर चूक – चूक माणसाकडून होते, मी ती कबूल केली असती, सरांनीही पोटात घातली असती. पण मी विसरले नव्हते. मला सगळं आठवत होतं आणि मी तोंड वर करून नाही म्हटलं.

सर तडक बाहेर गेले. दार उघडंच होतं. सुलोचनावहिनींना दिराच्या समोर, सगळ्या वेटिंग रूमसमोर झाडलं. खोदून खोदून विचारलं, आकडी आली होती का नाही? त्या म्हणाल्या, आल्ती. "मग बोलला का नाही? तुमच्या लपवाछपवीपायी आज यांचं डोकं उघडलं असतं!" वहिनींनी उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मोठं काम आल्यासारखी कळफलकावर बोटं आपटत बसले.

त्या खाली बघून म्हणाल्या, "चुकलं माजं."

दीर – सर्जेराव – तिथेच उभा होता. माणूस वाईट नाही. भावावर जीव. भाऊ वाचला या आनंदात रडायचं की वहिनीवर चिडायचं हे त्याला कळेना. मग त्यानं वहिनींच्या खांद्यावरची कापडी पिशवी ओढून घेतली. दिनकररावांच्या गोळ्या असायच्या तिच्यात. "आन हिकडं. आता माजं मी बघतो." पिशवी गेली ती गेलीच.

लेकीच्या सासरच्यांनी पुढे कधी चकार शब्द काढला नाही. ती पोरगी मजेत आहे, एक मूल आहे. ज्यांच्या भीतीनं सगळं झालं त्यांनी सोडून दिलं, आणि घरच्यांनी धरून ठेवलं. दिनकरराव येत राहिले, दरवेळी स्वच्छ. बरोबर सर्जेराव, खांद्याला पिशवी. वहिनींना आत बोलवायचे नाहीत. त्या बाहेर गुलमोहराखालच्या बाकावर डबा घेऊन बसायच्या. मी गाडी लावताना दिसायच्या. मान हलवायच्या – हो, माझ्याकडे बघून मान हलवायच्या! – आणि मी मोबाइल कानाला लावायची. कुणाचाही फोन नसायचा. वर्षानुवर्षं मी या बाईपासून मोबाइल कानाला लावून पळाले.

या वर्षी उसाच्या हंगामात दिनकररावांचा स्कॅन झाला, आणि तोच पांढरा पट्टा. तीच जागा.  मी स्वतः उठून बाहेर गेले आणि सर्जेरावांना विचारलं, गोळ्या चुकल्या का? फीट आली होती का?

ते म्हणाले, "गोळ्या एकांदी वर-खाली झाली आसंल, तोडीची गडबड हाय. आकडी मातर न्हाई. वहिनी म्हणत्यात कायतरी, झोपंत आंग ताठ झाल्तं म्हणून. पर तिचं काय खरं धरायचं, म्याडम? तुमास्नी म्हाईत हायच की."

तुमास्नी म्हाईत हायच की.

कानफटात बसल्यासारखं झालं मला. बाई खरं बोलत होती – तेव्हाही, आताही – आणि तिचं खरं त्या घरात चालत नव्हतं. कुणामुळे? त्या घरात कधी पाऊलही न टाकलेल्या माझ्यामुळे. उद्या सरांनी या पट्ट्यापायी कवटी उघडली, तर?

मी बाकापाशी गेले. मोबाइल टेबलावर ठेवून गेले. म्हटलं, वहिनी, मला सांगा काय झालं ते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "सांगते की. पर ह्या येळंला तुमी म्होरं सांगणार हाय का?"

राग नव्हता हो आवाजात! असता तर बरं झालं असतं. भाजीवालीनं सुट्टे आहेत का विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, सांगेन. मग त्यांनी सगळं सांगितलं. कधी, किती वेळ, कोणता हात आधी आखडला, नंतर जीभ किती वेळ जड होती. मी विचारलं – विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारलं – त्या दिवशी सरांना तुम्ही का नाही बोललात की म्याडमना सांगितलं होतं म्हणून?

"तुमी न्हाई म्हणाला असता. मग दोघींतलं कुणाचं खरं धरलं असतं?"

 मी आत आले आणि सरांना फोन केला. फीट येऊन गेली आहे, ही गाठ नसावी, गोळ्या नीट करू, काही आठवडे थांबू, मग बघू. सर म्हणाले, "कोण सांगतंय, ती बाई? तिच्यावर विसंबायचं?" मी म्हटलं, विसंबायचं. का, ते मात्र तेव्हाही नाही बोलले. बघा, किती चिवट असतो भेकडपणा.

मागच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन झाला. पट्टा गेला होता. स्वच्छ. मी तो स्कॅन पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिला आणि एकटीच मोठ्यांदा "वा!" म्हणाले. मग सरांना बोलावून घेतलं. दिनकरराव, सर्जेराव – आणि म्हटलं, वहिनींनाही आत बोलवा. सर्जेराव म्हणाले, बसू दे की भायेर. मी म्हटलं, नाही, आत.

माझ्या खोलीत खुर्च्या कमी. वहिनी दाराशीच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, पहिल्या वेळी, त्या बस्त्याच्या दिवशी, यांनी आकडीचं मला सांगितलं होतं. बाहेर, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी.

सर म्हणाले, "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

आणि काय सांगू – इतकं ठरवून, तयारी करून बसलेली मी – माझ्या तोंडून निघालं, "माझ्या लक्षात राहिलं नव्हतं."

वहिनींनी मान वर केली. नुसती वर केली.  मी म्हटलं, "नाही. लक्षात होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा शब्द न् शब्द आठवत होता. मी खोटं बोलले."

दिनकररावांचा तो आवाज – "म्हंजे हिला आमी इतकी वर्सं..." – आणि तिथेच थांबला. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सर उठले, वहिनींपुढे हात जोडले आणि निघून गेले. माझ्याशी कामापुरतं बोलतात आता. काही पेशंट दुसरीकडे पाठवतात, असंही कळलं. ते बरोबरच आहे.

सर्जेरावांनी मग खांद्यावरची पिशवी काढली, उठले, माझ्या टेबलाला वळसा घालून दाराशी गेले आणि वहिनींच्या हातात दिली. "वहिनी," म्हणाले. 

वहिनींनी पिशवी उघडली. एकेक पाकीट काढून उजेडाकडे धरून बघितलं, आम्ही सगळे तिथे आहोत हे जणू विसरूनच.

"भावजी, सकाळची गोळी ऱ्हायली की हो," त्या म्हणाल्या आणि गोळी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. मग माझ्याकडे बघितलं.

"म्याडम, पाणी हाय का?"

मी उठले. पेला विसळला, पाणी ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.